जुना ट्रक आणि खिशातले लोहचुंबक

पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक तुम्ही पाहिलाच असेल. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात बनविलेले असे ट्रक हौशी लोक आजही शोधून विकत घेतात.

समजा, विकणारा म्हणाला, “हा १९४९ चा आहे, अगदी ठणठणीत आहे.” रंगही चकचकीत आहे. पण खालची पोलादी चौकट गंजून पोखरली असेल, तर नुसते पैसेच बुडणार नाहीत. धावत्या गाडीत ती मोडली तर जिवावर बेतेल. मग खरेखोटे कसे करायचे? प्रश्न विकणाऱ्याला नव्हे, ट्रकलाच विचारायचे!

पहिला प्रश्न वयाचा. समोरची काच दोन तुकड्यांची असेल, तर केबिन १९५३ किंवा त्यापूर्वीच्या मॉडेलचे. १९५४ पासून ही काच अखंड झाली. दाराच्या काचेपुढे वाऱ्यासाठी छोटी फिरती काच १९५१ मध्ये आली, तर बोटाने दाबून उघडायची मूठ १९५२ मध्ये. आपल्या ‘१९४९ च्या’ ट्रकला अशी मूठ दिसली, तर एक तर दारे बदललेली आहेत किंवा सांगितलेले साल चुकीचे आहे. म्हणून एका खुणेवर निष्कर्ष काढू नये. सर्व खुणा एकमेकींशी आणि पट्टीवरचा क्रमांक कागदपत्रांशी जुळला पाहिजे.

दुसरा प्रश्न गंजाचा. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो. मिठाने ही क्रिया वेगाने होते. समुद्रकाठच्या घरांचे गज लवकर गंजतात ते यामुळेच. अमेरिकेच्या थंड भागात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. म्हणून कोरड्या प्रदेशातल्या ट्रकला अधिक मागणी असते. गंजाची भोके लांबी भरून, वर रंग मारून झाकता येतात. मात्र लांबी चुंबकाला ओढत नाही. चुंबक फडक्यात गुंडाळून केबिनचे खालचे कोपरे आणि दारांच्या कडा तपासा. जिथे ओढ एकदम मंदावेल, तिथे पत्रा रंगापासून दूर आहे किंवा मुळी नाहीच!

तिसरा प्रश्न चौकटीचा. इथे भूमिती कामाला येते. दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंपासून तिरकी मापे घ्या. चौकट सममित असेल तर दोन्ही कर्ण समान भरतात. फरक आला, तर ती अपघातात वाकली असावी.

शेवटचा प्रश्न इंजिनाचा. सहा सिलिंडरांचे प्लग काढून प्रत्येकात दाबमापकाने दाब मोजतात. सहाही आकडे जवळपास सारखे हवेत. एखाद्यात दाब कमी आला, तर त्यात थोडे तेल ओतून पुन्हा मोजतात. आता दाब वाढला, तर दट्ट्याच्या रिंगा झिजलेल्या, कारण तेलाने फट तात्पुरती बुजली. नाही वाढला, तर गळती बहुधा झडपांतून आहे.

ट्रक नसला तरी एक प्रयोग घरी करता येईल. लोखंडी कपाटाच्या दारावर चुंबक लावा आणि मध्ये एकेक कागद वाढवीत जा. कितव्या कागदाला चुंबक घसरते, ते वहीत नोंदवा. रंगामागचे सत्य शोधण्याचे तुमचे पहिले उपकरण तयार झाले!