स्वेटर घेताना एक प्रश्न विचारा

थंडीची चाहूल लागली की घरातील ज्येष्ठांसाठी मऊ, अंगाला न टोचणारा मेरिनो लोकरीचा स्वेटर घ्यावा, असे आपणांस वाटते. ही तलम लोकर प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातून येते. मेरिनो मेंढीच्या सुरकुतलेल्या कातडीत, विशेषतः शेपटीखाली, ओल व मळ साचतो. तेथे माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीचे मांस पोखरतात. हे टाळण्यासाठी कोकराच्या मागील भागाची कातडी कापून काढतात. यालाच ‘म्यूलसिंग’ म्हणतात. वेदनाशामक दिले, तरी जखम भरायला काही आठवडे लागतात.

न्यूझीलंडने २०१८ मध्ये या प्रथेवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियात ती कायदेशीर असली, तरी कमी सुरकुत्यांच्या मेंढ्यांची पैदास करून कित्येक मेंढपाळांनी ती सोडली आहे. अशी पैदास साधायला वर्षे लागतात. म्हणून त्या लोकरीला गिऱ्हाईक मिळेल, हा भरवसा त्यांना हवा असतो. तो आपण देऊ शकता.

‘१०० टक्के मेरिनो’ हे शब्द लोकरीची जात सांगतात, मेंढीची निगा नव्हे. म्यूलसिंगला मनाई करणाऱ्या ‘रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड’ची खूण लेबलावर पाहावी. ती नसल्यास दुकानदाराला किंवा कंपनीला विचारावे. ऑस्ट्रेलियात लोकर विकताना म्यूलसिंगविषयी घोषणापत्र देण्याची सोय आहे. त्यामुळे गिरण्यांनाही निवड करता येते.

घरातील जुने स्वेटर मात्र टाकू नयेत. थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन, सपाट वाळवून ते वापरावेत.