फळी, दोरी, गादी आणि लाइनमन

‘फुटबॉल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल बॉल आणि मेस्सी येतो. अमेरिकेत मात्र तसं नाही. तिथला फुटबॉल लंबगोल बॉलने, हेल्मेट घालून आणि बराचसा हाताने खेळतात! मलाही यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गेल्या डिसेंबरमध्ये टेक्सासहून मामा-मामी आणि सोळा वर्षांचा मामेभाऊ आले, आणि माझी शिकवणी सुरू झाली. (मी कॉन्व्हेंटवाली आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जरा सांभाळून घ्या.)

भाऊ शाळेच्या टीममध्ये ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ आहे. बॉल आपल्या टीमकडे असताना पाच धिप्पाड खेळाडू पुढे ओळीत उभे राहतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत समोरच्यांना पोचू द्यायचं नाही, किंवा बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे यांचं काम. यालाच म्हणतात ब्लॉकिंग. थोडक्यात काय, टाळ्या दुसऱ्यांना आणि धक्के यांना!

मागच्या सीझनला एका धडकेनंतर भावाचं डोकं दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी त्याला काही आठवडे घरी बसवलं. तेव्हापासून मामी म्हणते, “पुरे झालं, सोड आता.” मामा म्हणतो, “नीट शिकला तर लागणार नाही.” मला भेटायला आले तरी कॉलेजच्या ग्राउंडवर हाच वाद! शेवटी भाऊ म्हणाला, “ताई, मी दाखवतो ना, आम्ही कसं शिकतो ते.”

पॅड लावलेला, ढकलायचा लोखंडी सांगाडा, म्हणजे ‘स्लेड’, तिकडे हजारो डॉलरला मिळतो. सगळ्या शाळांना तो कुठून परवडणार? म्हणून बरेच कोच हाताशी येईल त्या वस्तूवर शिकवतात. आम्हीही तेच केलं.

पहिली वस्तू फळी. सिव्हिलच्या साइटवरून सेंट्रिंगची एक फळी मागून आणली, साधारण दहा फूट लांब आणि फूटभर रुंद. ती जमिनीवर आडवी ठेवायची, तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून खाली वाकायचं आणि छोट्या छोट्या पावलांनी पुढे जायचं. पाय जवळ आले की फळीवर पडतात, लगेच कळतं. पाय फाकलेले असले की बेस रुंद राहतो आणि बाजूने धक्का बसला तरी माणूस सहज कलंडत नाही. वर्कशॉपमध्ये ड्रिल तिरकं जाऊ नये म्हणून आपण जिग वापरतो ना? फळी म्हणजे पायांचा जिग!

दुसरी वस्तू दोरी. हॉस्टेलची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी दोन खांबांना बांधली, भाऊ वाकल्यावर त्याच्या डोक्याच्या थोडी वर. तिच्या खालून पुढे झेपावायचं. उठून उभा राहिला की दोरी लागते. विकतच्या सामानात यासाठी पाइपांचा मांडव असतो. मान खाली घालायची नाही, नजर समोर. वाकायचं ते गुडघ्यात आणि कमरेत.

एवढा खालून जोर कशासाठी? फर्स्ट इयरची फ्री बॉडी डायग्राम आठवा. मी समोरच्याला पुढे आणि थोडं वर ढकललं, तर त्याच्या पायाखालची नॉर्मल रिॲक्शन कमी होते, म्हणजे त्याचं घर्षण घटतं. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने माझी नॉर्मल रिॲक्शन तेवढीच वाढते. त्याचे पाय सरकतात, माझे रोवले जातात. मेकॅनिक्सला नुसते मार्क्स नसतात, अर्थही असतो, हे मला त्या दिवशी पटलं!

तिसरी वस्तू टेनिस बॉल. समोरच्याला पकडून अडवलं तर ‘होल्डिंग’चा फाउल आणि दहा यार्डांची पेनल्टी. म्हणून प्रत्येक मुठीत एक बॉल देतात. हात भरलेले असले की जर्सी पकडताच येत नाही.

आणि चौथी वस्तू माझी गादी. (रेक्टर मॅडम, सॉरी. हे तुम्हाला आत्ताच कळतंय.) वळकटी करून दोरीने बांधली, मी आणि मामाने धरली आणि भावाने दोन्ही तळहातांनी असा धक्का दिला की आम्ही दोघं चार पावलं मागे! गादीची आयडिया जुनीच आहे. १८८९ च्या सुमारास येल विद्यापीठात एमस अलोंझो स्टॅग यांनी गुंडाळलेली गादी टांगून टॅकलचा सराव सुरू केला, असं श्रेय त्यांना देतात.

आता मामीच्या काळजीबद्दल. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेबस्टर हा चार सुपर बोल जिंकलेला लाइनमन. तो २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी गेला. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत ‘सीटीई’ हा आजार आढळला आणि २००५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. या आजाराचा संबंध फक्त मोठ्या धडकांशी नाही, वर्षानुवर्षं बसलेल्या लहान धक्क्यांशीही जोडतात. मटेरियल सायन्समधलं फटीग आठवा, तसंच काहीसं. लाइनमनला तर जवळजवळ प्रत्येक डावात धक्का बसतो. डोक्याने पहिली धडक द्यायला तिथल्या शाळा-कॉलेजच्या फुटबॉलमध्ये १९७६ पासून बंदी आहे. पण नियम कागदावर असतो, सवय अंगात लागते. ती सवय फळी आणि दोरी लावतात. आणि गादीवर दिलेला धक्का हा दुसऱ्या मुलाच्या डोक्याला न बसलेला धक्का असतो.

डार्टमथ कॉलेजचे कोच बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं. पुढे तिथल्याच इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी रिमोटवर पळणारी, पाडली तरी आपोआप उभी राहणारी डमी बनवली, ती २०१५ मध्ये मैदानात आली. विद्यार्थ्यांनी, बरं का! नाहीतर आपले मिनी प्रोजेक्ट... असो.

मामा-मामीचा वाद मिटला का? नाही. “धोका कमी झाला, संपला नाही,” असं मामी म्हणते, आणि ते खरंच आहे. पण जाताना तिने ती दोरी मागून घेतली. आता टेक्सासला घराच्या मागे दोरी तीच बांधते, आणि मान खाली गेली की त्या दिवशीचा सराव बंद!

फळी साइटवर परत दिली आहे. गादी मात्र अजून एका बाजूला चपटीच आहे.