पाटी की संगणक?

कळफलक जोडता येणारा टॅब्लेट मुलांना घ्यावा काय, असे अकरावी-बारावीचे पालक आम्हां शिक्षकांस विचारतात. गोवा सरकारने 2013 च्या सुमारास पाचवी-सहावीच्या मुलांना टॅब्लेट दिले, तेव्हापासून ही पाटी पेडणे-डिचोलीत अपरिचित नाही. पण घरात यंत्र एकच यावयाचे आणि ते पदवीपर्यंत पुरवायचे, म्हणून निवड जपून व्हावी.

जाहिरातीतले वजन बहुधा नुसत्या पाटीचे असते. मायक्रोसॉफ्टचा 2018 सालचा दहा इंची सरफेस गो 522 ग्रॅमचा. कळफलक लावताच तो पाऊण किलोवर जातो. 2022 चा तेरा इंची सरफेस प्रो 9 मुळातच 879 ग्रॅम. चार्जर निराळाच. पेडण्याहून म्हापशापर्यंत बसमध्ये उभ्याने जाणाऱ्या मुलीच्या खांद्याला हा फरक कळतो.

मग हलकेच घ्यावे ना? इथेच मेख आहे. सरफेस गोसारख्या पातळ यंत्रात पंखा नसतो. जड काम पडून ते तापले की प्रोसेसर आपणहून वेग उतरवितो. आणि आपल्याकडचा मे महिना कोणास सांगावा! शिवाय रॅम आत डाख देऊन बसविलेली असते, पुढे वाढविता येत नाही. म्हणून 4 जीबीच्या स्वस्ताईस भुलू नये; 8 जीबी हवीच.

वाचन, टिपणे व आकृत्या यांस दहा इंची पाटी उत्तम. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने मात्र साधा लॅपटॉपच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे मोजण्यापूर्वी कळफलक व चार्जरसकट सारे काट्यावर ठेवावयास दुकानदारास अवश्य सांगावे.