कथेचा फर्मा

१९५०च्या दशकातल्या मराठी मासिकांची बांधीव फाईल पुण्यातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात उघडावी आणि कथा न वाचता नुसतं पान पाहावं. मथळ्याचं अक्षर हातानं काढलेलं, शेजारी रेखाचित्र. कथा पानाच्या मध्येच संपली असेल, तर खालच्या जागेत एखादं व्यंगचित्र नाहीतर चुटका. लेखकाचं नाव ठळक असतं. पण या पानावर आणखी बऱ्याच जणांचे हात फिरलेले असतात.

पहिला हात संपादकाचा. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये ‘हंस’ काढलं, १९५० मध्ये विनोदाला वाहिलेलं ‘मोहिनी’ आणि १९५४ मध्ये अद्भुत-रहस्याचं ‘नवल’. एकाच घरातून तीन मासिकं! टपालानं आलेली कथा यांपैकी कोणत्या मासिकाच्या वाचकाची, हे ओळखायलाही जाणकारी लागते. न जमलेल्या कथेवर ‘साभार परत’. जमलेल्या कथेसाठी मात्र पत्रं जात, शेवटाबद्दल, शीर्षकाबद्दल. पुढे अनंतरावांचे चिरंजीव, संपादक आनंद अंतरकर आणि धारवाडचे कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्यातल्या पत्रसंबंधावर ‘एक धारवाडी कहाणी’ हे अख्खं पुस्तक झालं, यावरून संपादक-लेखक नात्याची खोली कळते.

लेखकालाही या मासिकांनी घडवलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकवणारे अरविंद गोखले जन्मभर कथाच लिहीत राहिले, कादंबरीकडे वळले नाहीत. दर महिन्याला कथा मागणारी मासिकं नसती, तर एवढी निष्ठा टिकणं अवघड होतं.

मग कंपोझिटर. हस्तलिखित कागदाच्या एकाच बाजूला असावं हा आग्रह त्याच्यासाठीच. तो समोरच्या केसमधून शिशाचे खिळे एकेक उचलून स्टिकमध्ये उलटे लावी. देवनागरीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं. म्हणून इंग्रजीपेक्षा कप्पे कितीतरी जास्त. ओळी गॅली नावाच्या लांब तबकात जात, गॅलीचं प्रूफ निघे, मुद्रितशोधक समासात खुणा करी आणि चुकलेला खिळा चिमट्यानं बदलला जाई. चित्राचा ब्लॉक वेगळा बनून येई. मग आठ किंवा सोळा पानांचा फर्मा आवळून यंत्रावर चढे. तिथे दोन ओळी जास्त झाल्या, तर कुठेतरी दोन ओळी कापाव्याच लागत.

दिवाळी अंकाच्या वेळी हे सगळं एकदम अंगावर येई. जाडजूड अंक आणि दिवाळीची तारीख पुढे ढकलता न येणारी.

फर्मा छापून झाला की खिळे धुऊन पुन्हा आपापल्या कप्प्यांत टाकले जात, कारण पुढची कथा त्याच खिळ्यांतून उभी करायची असे. त्यामुळे पुस्तकात न आलेली कथा उरली ती फक्त अंकात, आणि अंक गेले रद्दीत. ग्रंथालयांनी फायली बांधल्या. पण बांधणीत अनेकदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली गेली. कथा या फायलींमुळे वाचता येतात. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची रंगीत मुखपृष्ठं पाहायची, तर मात्र सुटे अंक जपणाऱ्या संग्राहकांचीच दारं ठोठावावी लागतात.