भजनी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर जपताना
इस्लापूर परिसरात वळवाचा पाऊस विजा घेऊनच येतो. अशा दिवसांत मंदिरातला अ‍ॅम्प्लिफायर, कीबोर्ड, मिक्सर नुसते बटण बंद करून ठेवणे पुरेसे नाही. तारांवरून आलेला हजारो व्होल्टचा झटका बटणातली बारीक फट सहज ओलांडतो. म्हणून काम संपले की पिनच काढावी. बाहेर गेलेल्या स्पीकरच्या लांब वायरीही सोडवाव्यात, कारण झटका त्यांतूनही शिरतो. शिवाय वादळात लाइनची न्यूट्रल वायर तुटली तर २३०ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग हवेच, पण जवळ पडलेल्या विजेपुढे त्यांचा भरवसा नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची आगाऊ सूचना देते. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर पिनेला हात लावू नका. यंत्र पुन्हा घेता येते.