अपघाती मृत्यूनंतरचा क्लेम: ऐकीव काय, खरं काय

रस्त्यावर माणूस गेला की दहावं-तेरावं होईपर्यंत घरातलं कोणी कागदाला हात लावत नाही. समोरच्या गाडीचा मालक मात्र त्याच आठवड्यात दोन ओळखीची माणसं मध्ये घालून दारात येतो. खिशात पन्नास-साठ हजारांचं पाकीट असतं आणि सोबत टाइप करून आणलेला स्टॅम्प पेपर: 'आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' एखादे काका म्हणतात, "गेलेला माणूस काही परत येणार नाही, कशाला कोर्टकचेरी?" आणि सही होते.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा असा आपापसात मिटवता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खालचा हा गुन्हा तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. तो सही केलेला कागद मात्र पुढे तुमच्याचविरुद्ध बाहेर निघतो. या विषयातल्या बहुतेक गैरसमजांची हीच गोष्ट आहे. ते अज्ञानातून आलेले असतील, पण दर वेळी त्यांचा फायदा कोणाला तरी होतो, आणि तो मयताच्या घरच्यांना कधीच होत नाही.

"ड्रायव्हरला शिक्षा झाली तरच पैसे मिळतात"

अपघातानंतर दोन वेगळी प्रकरणं सुरू होतात. पहिलं फौजदारी: सरकार विरुद्ध ड्रायव्हर. त्यात घरचे फार तर साक्षीदार. दुसरं नुकसानभरपाईचं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. वकील त्याला एमएसीटी म्हणतात, आणि बहुतेक जिल्ह्यांत ते जिल्हा न्यायालयातच चालतं. फौजदारी खटल्यात संशयापलीकडचा पुरावा लागतो. दाव्यात चूक कोणाची असण्याची शक्यता जास्त, एवढं दाखवलं तरी पुरतं. त्यामुळे ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी भरपाई मंजूर होऊ शकते, आणि होते. सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट 1980 पासून अनेकदा सांगितली आहे. म्हणून 'आधी केस लागू दे, मग क्लेम टाकू' या सल्ल्याला काही अर्थ नाही, उलट त्यात धोका आहे.

"क्लेमला मुदत नसते"

धोका तो हाच. हे वाक्य खोटं आहे, पण एके काळी ते खरं होतं. 1994 च्या दुरुस्तीने दाव्याची कालमर्यादा काढून टाकली होती आणि पुढची सत्तावीस वर्षं ती नव्हतीच. लोकांनी दहा-दहा वर्षांनी दावे टाकले आणि जिंकलेही. जुन्या माणसांच्या तोंडी तोच अनुभव बसला आहे. मात्र 1 एप्रिल 2022 पासून कलम 166 मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण कोणा दुसऱ्याच्या याचिकेच्या भरवशावर आपलं घर ठेवू नये.

नव्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला व विमा कंपनीला द्यायचा असतो. तो अहवालच दाव्याचा अर्ज मानावा अशीही तरतूद आहे. कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात आपणच पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीची आरसी, विम्याची आणि लायसन्सची प्रत मागून घ्यावी. महाराष्ट्रात यासोबत पोलिसांचा 'एए फॉर्म' मागतात. गाडी, मालक आणि विमा यांची माहिती त्यात एकत्र असते.

पंचनाम्याची प्रत मिळाली की ती तिथेच उभं राहून वाचावी. टायर घासल्याच्या खुणा कोणत्या बाजूला, गाडी थांबली कुठे, रस्त्याची रुंदी किती, या चार-पाच ओळींवरच पुढे चूक कोणाची ते ठरतं. ट्रक चुकीच्या बाजूला होता हे गावात सगळ्यांना माहीत असतं; पंचनाम्यात ते नसेल तर ते न्यायाधिकरणाला माहीत नसतं.

आणखी एक. अपघात हुबळीजवळ झाला म्हणून साताऱ्याच्या माणसाने हुबळीला खेटे घालायची गरज नाही. दावा टाकणारा जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणापुढेही तो टाकता येतो.

"ज्याने उडवलं त्याच्याकडे द्यायला आहे काय?"

पैसे सहसा तो देतच नाही. प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि त्रयस्थ व्यक्तीच्या मृत्यूबद्दल विमा कंपनीच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, एवढ्यावर कंपनी सुटत नाही. 2004 च्या निकालानंतर अशा प्रकरणांत 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश होतो. विमाच संपलेला असेल तर जबाबदारी मालकाच्या अंगावर येते आणि वसुली लांबते, हे खरं.

आपल्याकडची एक जागा मात्र खरोखर निसरडी आहे. वऱ्हाड किंवा देवदर्शनाची मंडळी मालवाहू टेम्पोत बसवून नेतात. तो टेम्पो उलटला, तर आत बसलेल्यांसाठी विमा कंपनी हात वर करते आणि कायदा बऱ्याच अंशी तिच्या बाजूने आहे. मोटारसायकलवर मागे बसलेल्याचंही तसंच. त्याच गाडीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असेल तर त्या विम्यातून त्याला सहसा काही मिळत नाही, सर्वसमावेशक असेल तर मिळतं.

"रक्कम जजसाहेबांच्या मनावर असते"

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण कुटुंबं सर्वांत जास्त इथे फसतात. 2009 च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब करून भविष्यातल्या वाढीची टक्केवारी ठरवली.

समजा 34 वर्षांचा प्लंबर, महिन्याला 20,000 कमावणारा. मागे बायको, दोन मुलं आणि आई. तो स्वयंरोजगार करणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून भावी वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 28,000. अवलंबून असलेले चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा: 21,000. वर्षाचे झाले 2,52,000. वय 31 ते 35 साठी गुणक 16. म्हणजे 40,32,000. त्यावर सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी 40,000, वारसा-हानीचे 15,000 आणि अंत्यविधीचे 15,000. या तीन रकमा दर तीन वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढवायच्या, असंही त्याच निकालात आहे. सहवासाची रक्कम बायकोपुरती नसून मुलं आणि आईवडिलांनाही आहे, हे 2018 मध्ये स्पष्ट झालं. वर दावा दाखल केल्यापासूनचं व्याज. त्या स्टॅम्प पेपरवाल्या पाकिटाशेजारी ही रक्कम ठेवून बघा.

नोकरी कायम असेल तर चाळिशीच्या आत भावी वाढ 50 टक्के धरतात. मयत अविवाहित असेल तर स्वतःच्या खर्चापोटी निम्मं उत्पन्न वजा होतं, पण गुणक मयताच्याच वयाचा लावतात, आईवडिलांच्या नव्हे.

उत्पन्नाचा पुरावा नाही, ही अडचण खरी आहे, पण तिने दार बंद होत नाही. पगाराची स्लिप नसेल तर किमान वेतनाचा आधार घेतात, आणि तोही अंतिम नाही. हार्डवेअरच्या दुकानातली उधारीची वही, कामाचे फोटो, यूपीआयच्या नोंदी, ज्या बिल्डरकडे काम केलं त्याची साक्ष, हे सगळं उत्पन्न वर न्यायला उपयोगी पडतं.

"ती तर घरीच असायची"

गृहिणीच्या मृत्यूला किंमत नाही, असं मानणारे नातेवाईकच जास्त असतात. न्यायालयाने हा समज केव्हाच मोडला. जानेवारी 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय पाहणीचे आकडे पुढे ठेवले: घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सुमारे 299 मिनिटं घालवते, पुरुष 97. त्यामुळे गृहिणीचं कल्पित उत्पन्न धरायचं आणि त्यावर भावी वाढही द्यायची, असं न्यायालयाने सांगितलं. स्वयंपाक, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं, मुलांचा अभ्यास, शिवाय शेतात मजुराऐवजी राबणं, हे सगळं दाव्यात लिहावं लागतं. न लिहिलेलं मोजलं जात नाही.

"लग्न झालेल्या मुलीचा काय संबंध?"

कायदेशीर वारस म्हणून तीही दावा टाकू शकते. ती वडिलांवर अवलंबून नसेल तर तिच्या वाट्याची रक्कम कमी होईल, पण 'तू परक्या घरची' हे उत्तर कायद्यात नाही. जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दावेदार मानलं. विधवेने पुन्हा लग्न केलं म्हणून तिचा हक्क बुडत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे. हा गैरसमज पसरवणाऱ्यांत सासरचेच पुढे असतात, हे वेगळं सांगायला नको.

"ट्रिपल सीट होते, म्हणजे संपलं"

नाही. दुचाकीवर तिघं होते, एवढ्यावरूनच त्यांचीही चूक होती असं धरता येत नाही, असं 2020 चा निकाल सांगतो. तिघं बसल्यामुळेच अपघात घडला किंवा वाढला हे समोरच्याने दाखवावं लागतं. दाखवलं तर रक्कम त्या प्रमाणात घटते, शून्य होत नाही.

चूक सर्वस्वी आपल्याच माणसाची असेल, म्हणजे गाडी दुभाजकावर आदळली, दुसरं वाहनच नव्हतं, तर कलम 166 खाली काही हाती लागणं अवघड. तिथे मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात संरक्षण बघावं. ते 15 लाखांचं असतं आणि त्यासाठी वैध लायसन्स लागतं. कित्येक घरांत पॉलिसीवरची ती ओळ कोणी वाचलेलीच नसते.

"सरकारने पाच लाख दिले ना?"

1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. राज्य सरकारने वारसांना 5 लाख, केंद्राने 2 लाख जाहीर केले. हे सानुग्रह साहाय्य होतं. सरकारने ते दिलं म्हणून गाडीमालकाची आणि विमा कंपनीची देणी फिटत नाहीत.

एलआयसीच्या पैशांचंही तेच. आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्याच एका प्रकरणात खालच्या न्यायालयांनी आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती वजावट रद्द केली. माणसाने स्वतःचे हप्ते भरून केलेली तरतूद ज्याने त्याला मारलं त्याच्या उपयोगी पडू नये, असा त्यातला सरळ विचार. भविष्यनिर्वाह निधी आणि कुटुंब निवृत्तिवेतनही वजा होत नाही.

"गाडीच सापडली नाही"

उडवून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी 2 लाख मिळतात. पूर्वी हे 25,000 होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. गाडी नंतर सापडली तर नियमित दावा टाकता येतो आणि हे 2 लाख त्यातून वळते होतात. महिनाभरात गाडी न मिळाल्यास पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची माहिती द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावलं आहे. पोलिसांनी सांगितलं नाही तर आपण विचारावं.

"लोकलमधून पडला, चूक त्याचीच"

हा रस्त्याचा विषय नाही, पण कल्याण-विरार पट्ट्यातल्या घरांसाठी तो टाळता येत नाही. चालत्या गाडीतून चुकून पडणं ही रेल्वे कायद्यातली 'अनिष्ट घटना' आहे. त्यात चूक कोणाची हे बघितलं जात नाही. मृत्यूला 8 लाख, अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, मुदत एक वर्ष. चढता-उतरताना पडला म्हणजे स्वतःहून ओढवून घेतलं, हा रेल्वेचा बचाव 2018 मध्ये फेटाळला गेला. पास बॅगेसोबत हरवला असेल तर प्रतिज्ञापत्र देता येतं. ते दिलं की माणूस प्रवासी नव्हता हे दाखवण्याचा भार रेल्वेवर जातो. रूळ ओलांडताना गाडीखाली आलेल्यांना मात्र हे कलम लागत नाही.

"वकील टक्क्यावरच घेतात"

निकालातल्या रकमेत हिस्सा ठरवून फी घेणं बार कौन्सिलच्या आचारसंहितेत बसत नाही. इस्पितळाच्या आवारातच गाठून वकालतनाम्यावर सही घेणाऱ्या दलालांपासून तर चार हात लांब राहावं. स्त्रियांना, मग उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनाही उत्पन्नाची अट नाही.

'मढ्याच्या टाळूवरचं लोणी' हे शब्द ऐकावे लागतील, या भीतीनेही पुष्कळ घरं गप्प बसतात. ते शब्द खरे कोणाला लागू पडतात, ते दलालांच्या दिवसभराच्या फेऱ्या बघितल्या की कळतं.

लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, वर्षं वाचतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर 90 दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, लोकअदालतीत मान्य केलेली रक्कम मात्र कायमची. तिथे जाण्याआधी वरचा हिशेब आपल्या माणसाच्या वयाने आणि कमाईने एकदा घरी मांडावा. विमा कंपनीच्या माणसाने तो आधीच मांडलेला असतो.