फटफटीवरची थंडी

वऱ्हाड म्हटलें कीं परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें येथील उन्हाळाच उभा राहतो. अकोल्याच्या उन्हाचा गवगवा सर्वत्र होतो. अकोल्याच्या थंडीचें नांव कोणी काढीत नाहीं. म्हणून आपणहि तिला फारशी भीक घालीत नाहीं. परंतु पौषांतल्या पहाटे बडनेऱ्याहून मूर्तिजापुराकडे फटफटीवर निघालेल्या माणसाला विचारावें. दूध घालणारा गवळी, भाजीच्या लिलावास निघालेला शेतकरी, सकाळची शाळा गांठणारा शिक्षक, हीं माणसें त्या वेळीं हौसेनें रस्त्यावर नसतात. अंगणांत उभें राहिलें असतां जी थंडी गोड वाटते, तीच फटफटीवर बसतांच हाडांपर्यंत कां शिरते, आणि तिला आवर कसा घालावा, हें आज पाहूं.

आपल्या शरीराची उष्णता सुमारें ३७ अंश असते. तिच्यामुळें कातडीलगतच्या हवेचा एक पातळ थर सदैव तापलेला राहतो, आणि तोच आपलें पहिलें पांघरूण होय. वारा सुटला कीं हें पांघरूण उडून जातें. शरीर नवा थर तापवितें, तोहि जातो. फटफटीवरील स्वाराला तर वारा सुटण्याची वाट पाहावी लागत नाहीं; आपल्या वेगानें तो स्वतःच वारा निर्माण करतो.

अंटार्क्टिका खंडावर पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल ह्या अमेरिकन संशोधकांनीं पाणी गोठण्यास लागणारा वेळ मोजून वारा आणि थंडी यांचें नातें ठरविलें; त्यांचा निबंध १९४५ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें २००१ सालीं सुधारलेल्या रीतीनें हिशेब केला, तर १० अंशांच्या हवेंत ताशीं ६० किलोमीटरांच्या वाऱ्यापुढें उघड्या चेहऱ्याला ५ अंशांची थंडी भासते. वेग ४० वर आणला तर ६ अंशांची. वेग एवढा उतरवूनहि लाभ एकाच अंशाचा! सावकाश जावें तें अपघात टाळण्यासाठीं. थंडीवर खरा उपाय म्हणजे वारा अडविणें.

अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला. रस्ता असा सरळ व गुळगुळीत असला म्हणजे वेग नकळत वाढतो. मोटारींतल्या माणसापुढें कांच असते. स्वारापुढें त्याचा कोटच काय तो असतो.

तो कोट कसा असावा? ऊब कपड्यांत नसते, कपड्यांनीं कोंडून धरलेल्या हवेंत असते, हें कापूस पिकविणाऱ्या वऱ्हाडाला निराळें सांगावयास नको. पिंजाऱ्यानें नुकतीच भरून दिलेली रजई उबदार, आणि दोन-चार वर्षांनीं ती दबली कीं थंड. आंतला कापूस तितकाच असतो. तंतूंमधील हवा मात्र निघून गेलेली असते. जाड लोकरी स्वेटर घालूनहि स्वार कुडकुडतो त्याचें कारण हेंच. वारा विणीच्या भोंकांतून शिरून कोंडलेली हवा हुसकून देतो. त्याच स्वेटरावर पावसाळ्यांतला साधा रेनकोट चढवावा आणि फरक पाहावा. कोटाच्या आंत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी वारा पुष्कळ अडतो. अंगालगतचा कपडा मात्र कोरडा हवा. सुती बनियन घामानें भिजलें कीं तेंच अंग थंड करतें.

हातांची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धड थंड पडूं लागलें कीं आंतील अवयवांची ऊब राखण्यासाठीं शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करतें. बोटें प्रथम बळी जातात. म्हणून हात गरम ठेवावयाचे तर आधीं छाती झांकावी. हातमोजे वारा न शिरणारे आणि किंचित् सैल असावेत. घट्ट मोज्यांनीं रक्त अडतें. बधिर बोटांनीं ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला, तर ताशीं ६० च्या वेगानें तेवढ्यांत गाडी ८ मीटरांहून अधिक पुढें गेलेली असते. थंडीचा खरा धोका पडसें नव्हे, हा आहे.

थंडी सर्व वाटेवर सारखी नसते. निरभ्र, निवांत रात्रीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते आणि थंड, जड हवा सखल भागांत सांचते. म्हणून काटेपूर्णेसारख्या नदीच्या आसपास एकाएकीं गारठा झोंबतो, आणि सूर्योदयाची वेळ सर्वांत कडक असते. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास जाणारानें दुसराहि हिशेब ध्यानांत ठेवावा. दर हजार मीटर चढीस हवा सरासरीनें साडेसहा अंशांनीं थंड होते. चिखलदरा अमरावतीहून सुमारें साडेसातशें मीटर उंच, म्हणजे जवळजवळ पांच अंशांचा फरक. सायंकाळीं लागणारा कोट सकाळींच बरोबर घ्यावा.

तीन गोष्टी टाळाव्यात. मद्यानें ऊब आल्यासारखें वाटतें, पण कातडीकडील रक्तप्रवाह वाढून उष्णता उलट बाहेर जाते; वाहन चालविणाऱ्याला तर तें निषिद्धच. मफलराचें किंवा पदराचें टोंक मोकळें सोडूं नये; प्रख्यात नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ सालीं फ्रान्समधील नीस शहरीं मोटारीच्या चाकांत गळपट्टा अडकून मरण पावली. तिसरें, बधिर बोटें शेकोटीच्या ज्वाळेजवळ नेऊं नयेत, कारण चटका समजत नाहीं. तीं काखेंत धरावींत.

बोटांना गुंडी लावतां येईना, अंग थरथरूं लागलें, म्हणजे शरीरानें सूचना दिली असें समजावें. मग मूर्तिजापूर असो कीं बोरगांव मंजू, पहिल्या चहाच्या दुकानापाशीं फटफटी उभी करावी. दहा मिनिटें उशिरा पोंचलेल्या गवळ्याला गिऱ्हाइकाचे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. तेवढे त्यानें ऐकून घ्यावेत. घरीं त्याची वाट पाहणारांना तो उशीर परवडतो.